न ऐकणाऱ्या पेशी

आदेशाचा कागद शाल्मली गवंडीच्या हाती आला तेव्हा प्रक्षेपणाला अठरा मिनिटं उरली होती.

रोज संध्याकाळी सहाला रोगनियंत्रण मंडळाचं निवेदन तिन्ही जिल्ह्यांत दाखवलं जाई. मंडळाचे अधिकारी अभिजित सरनोबत बोलत आणि पडद्याच्या उजव्या भागात उभी राहून शाल्मली तेच खुणांच्या भाषेत सांगे. हे काम करणाऱ्या संगणकी बाहुल्या केव्हाच आल्या होत्या, पण बहिऱ्या लोकांच्या संघटनेनं त्या नाकारल्या होत्या. बाहुलीचे हात बरोबर चालतात, पण चेहरा काहीच बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून करारातच लिहिलं होतं की दुभाषी माणूस असेल, आणि तो कोण हे संघटना ठरवील.

कागदावर फार मजकूर नव्हता. ज्यांच्या शरीरात 'जिवंत सुई' आहे अशा सर्वांनी उद्यापासून बारा आठवडे, रोज सकाळी, केंद्रावर कर्मचाऱ्यासमोर विरामाची गोळी घ्यावी. जे घेणार नाहीत त्यांनी घराबाहेर पडू नये.

शाल्मलीनं तो दोनदा वाचला.

"काही अडचण?" सरनोबतांनी विचारलं.

"विराम या शब्दाला आमच्याकडे खूण नाही. तयार करावी लागेल."

"मग करा की. अजून दहा मिनिटं आहेत."

तिनं डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं नाडी बघावी तशी टेकवली आणि डावी मूठ सावकाश मिटली. तीच खूण तिनं सहा वाजून चार मिनिटांनी लाखो लोकांना दाखवली. तिच्या बेंबीच्या डावीकडे, कातडीखाली, वाटाण्याएवढा एक उंचवटा होता आणि त्यात जिवंत सुई होती, हे त्या खोलीत कुणालाही माहीत नव्हतं.

सोरायसिस आणि त्याच्यासोबत येणारा संधिवात म्हणजे शरीरानं स्वतःवरच केलेला हल्ला. आपल्या पेशी एकमेकींना रेणूंच्या रूपात निरोप पाठवत असतात. त्यांतला एक निरोप्या कातडीकडे आणि सांध्यांकडे सैन्य बोलावतो. निरोगी माणसात तो शत्रू आला तरच हाक देतो. या रोग्यांमध्ये मात्र शत्रू नसतानाही त्याची हाक थांबत नाही. मग कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात चंदेरी खपल्या चढतात, नखांना खड्डे पडतात, सांधे सुजतात आणि आतून खाल्ले जातात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी यावर जैविक इंजेक्शनं आली. प्रयोगशाळेत जिवंत पेशींकडून प्रतिपिंडं बनवून घ्यायची आणि रोग्याला टोचायची. ही प्रतिपिंडं त्या निरोप्याला वाटेतच धरून ठेवत.

शाल्मलीचे आईवडील दोघेही जन्मापासून बहिरे. आई, उज्ज्वला, तासगावात बेदाणा निवडायला जाई. शाल्मलीला ऐकू येत होतं, पण तिची पहिली भाषा हातांची होती. तेविसाव्या वर्षी तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं केळ्यासारखी सुजली, मग डाव्या हाताचा अंगठा. अंगावर खपल्या आधीपासूनच होत्या. त्यांची तिला सवय झाली होती: पूर्ण बाह्यांचे कपडे, सकाळी अंथरूण झटकणं, सुटे पैसे तळहातावर न देता काउंटरवर ठेवणारा दुकानदार. बोटांचं तसं नव्हतं. बोटं मिटेनात तेव्हा ती आईशी बोलू शकेना. आईला वाचता येत होतं, पण लिहून बोलायचं ते परक्यांशी असं ती मानायची. चार महिने त्या दोघी एका खोलीत गप्प राहिल्या. वडील नुकतेच गेले होते. त्यांच्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

पहिलं इंजेक्शन तिनं स्वतःच घेतलं. फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून ठेवायचं, पोटाची कातडी चिमटीत धरायची, पेन टेकवायचं, खटका ऐकू आला की दहापर्यंत मोजायचं. सहाव्या आठवड्यात बोटं वळली. त्या दिवशी आईशी तिनं दीड तास गप्पा मारल्या, त्याही शेजारणीच्या जावयाबद्दल. पण तीन वर्षांनी तिच्या शरीरानं त्या औषधालाच परकं ठरवलं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. दुसरं औषध चार वर्षं चाललं, तिसरं चौदा महिने. दर वेळी तीच आशा, आणि मग एका सकाळी चहाचा कप हातातून निसटणं.

शेवटी, तेहतिसाव्या वर्षी, ती मिरजेला डॉ. यास्मिन बागवान यांच्याकडे गेली.

"मी औषध टोचत नाही," डॉक्टरांनी तिला तेव्हा समजावलं होतं. "औषधाचा कारखानाच टोचते. समुद्री शेवाळाच्या चिकापासून केलेल्या बारीक पिशव्या आहेत, आणि त्यांत पेशी. त्या पेशींना निरोप्याचा वास कळतो. तो वाढला की त्या प्रतिपिंडं बनवतात, कमी झाला की थांबतात. घरातला गीझर पाणी तापलं की आपोआप बंद होतो ना, तसं. एकदाच टोचायचं. जन्मभर."

"आणि आपल्यालाच बंद करायचा झाला तर?"

डॉक्टर हसल्या होत्या. "हे फार कमी जण विचारतात. त्यासाठी विराम आहे. एक साधी गोळी. रोज घेतलीस तर पेशी झोपी जातात, सोडलीस की जाग्या होतात. एखादा मोठा संसर्ग झाला तर तुला तुझं सगळं सैन्य लागेल. तेव्हा निरोप्याला मोकळं सोडावं लागतं. हे बटण नसतं तर मला याची परवानगीच मिळाली नसती. आणि एक लक्षात ठेव, हा चीक शरीर एकदाच मुकाट्यानं स्वीकारतं. काढून टाकला तर दुसऱ्यांदा बसवता येत नाही."

त्यानंतरची पाच वर्षं शाल्मलीला आपण आजारी आहोत हे आठवायला मुद्दाम प्रयत्न करावा लागला होता.

आदेश सांगून झाल्यावर ती थेट मिरजेला गेली. डॉ. बागवान प्रयोगशाळेतच होत्या. चौसष्ट वर्षांच्या, बारीक, पांढऱ्या केसांची वेणी घालणाऱ्या.

"डॉक्टर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"माझीही सही आहे त्यावर," त्या म्हणाल्या. "बैस. ओरडायचं असेल तर नंतर ओरड, आधी ऐकून घे. करड्या बुरशीनं तिन्ही जिल्ह्यांत आतापर्यंत एक हजार चारशे माणसं गेली. फुफ्फुसात शिरते, आणि औषधांना दाद देत नाही. आता, बुरशी आली की शरीरात सर्वांत आधी हाक कोण देतो? तोच निरोप्या, ज्याला मी तुझ्या अंगात धरून ठेवलाय. त्यामुळे जिवंत सुईवाल्या काहीजणांत बुरशी मुकाट बसून राहते. ना खोकला, ना ताप. ते हिंडतात, फिरतात, आणि शेजारचा मरतो."

"काहीजणांत म्हणजे किती?"

"शंभरात तीन. फार तर चार."

"मग त्या चौघांना शोधा. नाकातला बोळा तपासला की कळतं ना?"

"ब्याण्णव हजार माणसांचे बोळे, दर आठवड्याला. तेवढी यंत्रं नाहीत आपल्याकडे. गोळ्या आहेत."

"म्हणजे यंत्रं नाहीत म्हणून शहाण्णव जणांचे सांधे जाळायचे."

डॉक्टर म्हणाल्या, "शाल्मली, तू घरी थांब. आदेशात ती सोय आहे. गोळी घेऊ नकोस, बाहेर पडू नकोस. तुझे हात शाबूत राहतील. बारा आठवडे दुसरं कुणी उभं राहील पडद्यावर."

शाल्मली खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग वळली.

"मी गोळी घेणार. आणि रोज सहाला उभी राहणार."

"वेडी आहेस का? तिसऱ्या आठवड्यात बोटं जातील तुझी."

"जाऊ देत. तुमच्या कागदावर बारा आठवडे म्हणजे नुसता आकडा आहे. माझ्या हातांवर तो सगळ्यांना दिसेल."

आईला तिनं घरी येऊन सांगितलं. उज्ज्वलाबाईंचे हात जोरात चालले. "मी पुन्हा गप्प बसणार नाही. एकदा बसले. आता नाही."

"बसू नको," शाल्मलीनं खुणेनं सांगितलं. "बोटं चालली नाहीत तर मी कोपरानं बोलेन."

बाराव्या दिवशी तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. अठराव्या दिवशी जाग आली तेव्हा मधली दोन बोटं ताठ होती. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती पडद्यावर उभी राहिली ती अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून, आणि ज्या खुणांना पाचही बोटं लागतात त्या तिनं तीन बोटांनी केल्या. 'रुग्णालय' ओळखू येत होतं. 'काळजी घ्या'चं काहीतरी वेगळंच झालं.

प्रक्षेपण संपल्यावर सरनोबत तिच्याकडे आले. ते चाळिशीचे, नेहमी इस्त्रीच्या शर्टात असणारे गृहस्थ होते. आवाज कधी चढवत नसत.

"तुम्हाला जिवंत सुई आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"बाई, लोकांना निवेदन कळत नाहीये. तुम्ही विश्रांती घ्या. निदान पूर्ण बाह्या तरी घाला. हे बघून लोक घाबरतात."

"बहिऱ्यांना कळतंय. त्यांची तक्रार आली का एक तरी?"

आली नव्हती. संघटनेकडून उलट पत्र आलं होतं: दुभाषी बदलायला आमची संमती नाही.

सरनोबतांनी खुर्ची ओढली आणि बसले. "माझी बहीण दुसऱ्या आठवड्यात गेली," ते म्हणाले. "तिच्या शेजारच्या घरात तुमच्यासारखाच एक जण होता. ठणठणीत. रोज तिला दूध आणून द्यायचा. मी हा आदेश कुणाला छळायला काढलेला नाही."

"वाईट झालं," शाल्मली म्हणाली. "खरंच. पण त्या माणसाचं नाक तपासलं असतं तर तुमची बहीण वाचली असती. माझी बोटं मोडून ती परत येत नाही."

"उद्या पूर्ण बाह्या घाला," सरनोबत म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी तिनं बिनबाह्यांचा सदरा घातला.

पाचवा आठवडा सर्वांत वाईट गेला. सकाळी दात घासायला ब्रश धरता येईना. पाऊल टेकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होई. आई तिचे हात कोमट पाण्याच्या भांड्यात धरून ठेवी आणि तेवढ्या वेळात बोलणं बंद पडे, कारण दोघींचेही हात पाण्यात असत. मग शाल्मली भुवयांनी, खांद्यांनी, ओठांनी काहीतरी सांगे, आणि आई ओळखण्याचा प्रयत्न करी. कधी चुकीचं ओळखी. एकदा शाल्मली पाणी मागत होती आणि आईनं तिला पंखा लावून दिला. दोघी इतक्या हसल्या की भांडं कलंडलं. हसताना शाल्मलीच्या कातडीला भेगा पडल्या आणि गुडघ्यातून रक्त आलं, तरी तिला थांबवेना.

बाहेर मात्र चित्र बदलू लागलं होतं. ऐकू येणारे लोक आजवर पडद्याच्या उजव्या भागाकडे बघतच नसत. आता ते तिकडेच बघत होते. आज कुठलं बोट गेलं याची चर्चा चहाच्या टपऱ्यांवर होई. ज्यांच्या घरी जिवंत सुईवालं माणूस होतं त्यांना ते नवं नव्हतं, पण घरातलं दुखणं कुणीतरी सगळ्यांसमोर उभं करतंय हे त्यांना नवं होतं. एका शिक्षकानं आपले हात दाखवले. एका पोस्टमन बाईनं पायातले बूट काढून सुजलेली पावलं दाखवली. कराडच्या डॉक्टरांनी लिहिलं की बोळे तपासायची यंत्रं शेजारच्या राज्यातून तीन आठवड्यांत येऊ शकतात, कुणी मागितलीच नाहीत. सातव्या आठवड्यात मंडळाला ती मागवावी लागली.

आणि आठव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, शाल्मलीनं दार उघडताना कडी उजव्या हातानं सरकवली. सरकवल्यावर तिच्या लक्षात आलं.

तिनं बोटं मिटून पाहिली. मिटली, थोडीशीच. शनिवारी आणखी मिटली. सोमवारी कोपरावरचा चट्टा फिकट झाला होता. गोळी चुकलेली नव्हती. रोज सकाळी केंद्रावरच्या परिचारिकेसमोर ती गोळी गिळत होती आणि तोंड उघडून दाखवत होती.

हे सरनोबतांच्याही नजरेतून सुटलं नाही.

"गोळी थुंकता तुम्ही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तीन जिल्ह्यांना हात दाखवता आणि मागे गोळी थुंकता."

"रक्त घ्या माझं," शाल्मली म्हणाली. "आत्ता. इथेच. आणि विरामाचं औषध रक्तात सापडलं तर सगळ्यांसमोर माफी मागा."

रक्त घेतलं गेलं. औषध सापडलं, पुरेपूर. सरनोबतांनी माफी मागितली, सगळ्यांसमोर नाही, पण मागितली. मग ते गोंधळून म्हणाले, "असं असेल तर तुमचे हात बरे कसे होतायत?"

तो प्रश्न तिलाही पडला होता. डॉ. बागवान यांनी तिच्या पोटावरच्या उंचवट्यातून बारीक सुईनं थोड्या पेशी काढल्या आणि दोन दिवस काही कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी बोलावलं. तेव्हा त्यांनी चहा मागवला होता आणि तो त्यांच्यासमोर तसाच गार होत होता.

"वर्गात पन्नास मुलं आहेत असं समज," त्या म्हणाल्या. "जेवण पन्नासांपुरतंच येतं. बाईंनी सांगितलं, झोपा. एकोणपन्नास झोपली. एकाला ते ऐकूच गेलं नाही. आता जेवण कोण खाणार?"

"तो एक."

"पेशी खाऊन वाढतात आणि वाढून दुभंगतात. एकाचे दोन, दोनाचे चार. झोपलेल्या मात्र आहेत तेवढ्याच राहतात, काही मरतातही. लाखो पेशींत एखादी अशी असणारच, जिच्यातलं विरामाचं बटण जन्मतःच मोडलेलं आहे. एरवी तिला काही फायदा नसतो. सगळ्याच जाग्या असतात, तीही त्यांतली एक. पण आपण बाकीच्यांना आठ आठवडे झोपवलं आणि जागा तिला मोकळी करून दिली. चार-पाच दिवसांचा विराम दिला असता तर हे झालं नसतं. इतका लांब विराम देऊन कधी कुणी पाहिलाच नव्हता. मी सही केली तेव्हा हे मला सुचायला हवं होतं." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या पिशव्यांत आता जवळजवळ सगळ्याच बहिऱ्या पेशी आहेत."

"बहिऱ्या म्हणू नका," शाल्मली म्हणाली. "बहिऱ्यांना हाक कळली तर ते वळून बघतात. या ऐकत नाहीत."

"बरं. न ऐकणाऱ्या." डॉक्टर किंचित हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "शाल्मली, आनंदाची गोष्ट नाही ही. तुझे हात बरे होतील. निरोप्या वाढला की या पेशी प्रतिपिंडं बनवतील, पूर्वीसारख्याच. पण आता तुला कुणीही बंद करू शकत नाही. मीसुद्धा नाही. उद्या तुझ्या फुफ्फुसात बुरशी शिरली आणि तुझं सैन्य बोलवायची वेळ आली, तर माझ्याकडे बटण नाही."

"मग?"

"मग बहुतेक तू मरशील. आणि कायदा सांगतो की बटण नसलेली जिवंत सुई शरीरात ठेवता येत नाही. कापून काढावी लागते. दुसरी बसणार नाही. जुनी इंजेक्शनं तुझं शरीर आधीच नाकारून बसलंय."

शाल्मलीनं आपले हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "असं किती जणांचं झालंय?"

"काल-परवा दोनशे नमुने तपासले. दर नऊ जणांत एक."

शाल्मलीनं मनातल्या मनात भागाकार केला. दहा हजारांच्या वर माणसं.

"अहवालात काय लिहू?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम थकला होता. "आजवर मी कधी खोटं लिहिलं नाही. पण तू सांगशील तर तुझा नमुना माझ्याकडून हरवू शकतो."

"हरवू नका," शाल्मली म्हणाली. "खरं लिहा. माझ्या नावासकट."

दहाव्या आठवड्यात यंत्रं आली. मंडळानं सरसकट विराम मागे घेतला: दर आठवड्याला नाकाचा बोळा, आणि ज्यांच्यात बुरशी सापडेल त्यांनाच गोळी. त्या संध्याकाळी सरनोबतांनी ते निवेदन वाचलं आणि शाल्मलीनं ते दहाही बोटांनी सांगितलं. सरनोबतांचं वाचून झालं. ते थांबले. ती थांबली नाही.

तिनं तोंडानंही बोलायला सुरुवात केली, म्हणजे ऐकणाऱ्यांनाही कळावं. "हे आता मी माझं सांगते. बारा आठवड्यांच्या आदेशातले दहा आठवडे मी पाळले. माझ्या अंगातल्या पेशींनी तो पाळला नाही. माझ्यासारखी दहा हजार माणसं आहेत. कायद्यानुसार आता आमच्या सुया कापून काढायला माणसं येतील. ज्यांना काढायची असेल त्यांनी काढावी, त्यात लाज नाही. मी काढू देणार नाही. माझा बोळा दर आठवड्याला घ्या. बुरशी सापडली तर मी स्वतः दार लावून घेईन. पण माझे हात मी देणार नाही."

कॅमेरा चालवणाऱ्यानं सरनोबतांकडे पाहिलं. सरनोबतांनी हात वर केला नाही. ती बोलायची थांबल्यावरच त्यांनी प्रक्षेपण बंद करायला सांगितलं.

"आणि दार लावून घेतल्यावर?" त्यांनी मग तिला विचारलं. "आत तुम्ही एकट्या, आणि फुफ्फुसात बुरशी?"

"मग मी मरेन, साहेब. आणि तुम्ही म्हणाल की सांगितलं होतं."

"मला तसं म्हणायला आवडणार नाही," सरनोबत म्हणाले.

नोटिसा निघाल्या. दहा हजारांतल्या सातशे जणांनी सुया काढून घेतल्या. बाकीच्यांनी नोटिसा परत पाठवल्या, आणि इतक्या माणसांना धरून, भूल देऊन, त्यांचं पोट कापणं मंडळाला जमण्यासारखं नव्हतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि तिथे पडून राहिलं. बुरशी ओसरत गेली, पण संपली नाही. न ऐकणाऱ्या पेशींच्या चार माणसांना त्या हिवाळ्यात ती झाली. एक वाचला. बाकी तिघांना द्यायला डॉ. बागवान यांच्याकडे काहीच नव्हतं. शाल्मली तिघांच्याही घरी जाऊन आली. तिसऱ्या घरात तिला कुणी दोष दिला नाही, आणि तेच तिला सर्वांत जड गेलं. तरी दर मंगळवारी ती केंद्रावर जाऊन नाक पुढे करी, आणि सहाला पडद्यावर उभी राही.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिला मिरजेला बोलावलं. एक बहिरी बाई आली होती आणि तिला दुभाषी हवा होता.

ती होती विट्याची, सोनं गाळण्याचं काम करणाऱ्या घरातली, सत्तावीस वर्षांची. नाव चित्रलेखा. नखं खड्ड्याखड्ड्यांची. पदराला हात पुसत बसली होती. दुभाषी बोलताना 'ती म्हणते' असं म्हणत नाही. समोरच्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं असतं. शाल्मली वीस वर्षं तसंच करत आली होती.

"माझ्या नमुन्यात बहुतेक ऐकणाऱ्याच पेशी निघाल्या होत्या," चित्रलेखाचे हात म्हणाले आणि शाल्मलीचा आवाज. "मला न ऐकणाऱ्या हव्यात."

डॉक्टरांनी मान हलवली. "तिला सांग, ते शक्य आहे, पण मी करणार नाही. तिचं बटण शाबूत आहे. तिला बुरशी झाली तर मी तिला वाचवू शकते. ते बटण हाच तिचा जीव आहे. गेल्या तीन महिन्यांत तीन माणसं गेली. सगळं सांग. काही गाळू नकोस."

शाल्मलीनं काही गाळलं नाही. तीन माणसांची वयंही सांगितली. शेवटच्या माणसाला श्वासासाठी किती झगडावं लागलं तेही सांगितलं. चित्रलेखा तिच्या हातांकडे नीट बघत होती. ऐकून झाल्यावर तिनं उत्तर दिलं, आणि शाल्मलीला ते मोठ्यानं म्हणावं लागलं.

"पुन्हा साथ येईल, पुन्हा आदेश येईल, आणि घरात बसून पोट भरत नाही. तुमचे हात सुजले तर तुमच्याकडे तोंड उरतं. माझे सुजले की मी माझ्या मुलीशी बोलू शकत नाही. ती दोन वर्षांची आहे. दहा आठवड्यांत तिनं मला हाक मारायचं सोडून दिलं होतं."

"तरीही मी करणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

चित्रलेखानं पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. डबीत विरामाच्या गोळ्या होत्या, तीस-चाळीस. लोकांनी न गिळता साठवलेल्या, गोळा केलेल्या.

"मी परवानगी मागायला आले नाही," शाल्मलीच्या तोंडून शब्द आले. "सात आठवडे झाले मी रोज एक घेतेय. घरात दार लावून. या सोमवारी माझी बोटं वळायला लागली. मला फक्त तपासून हवंय."

डॉ. बागवान यांनी शाल्मलीकडे पाहिलं, जणू हे तिचंच म्हणणं होतं. मग हातमोजे चढवून त्यांनी नमुना घेतला आणि यंत्राखाली धरला. पाच मिनिटं लागली.

"निम्म्याहून जास्त," त्या म्हणाल्या. "आणखी दोन आठवड्यांत सगळ्या. आता गोळी थांबवून उपयोग नाही. सांग तिला."

शाल्मलीचे हात हलायला क्षणभर वेळ लागला. मग तिनं सांगितलं.

चित्रलेखाचा चेहरा फुलून आला. तिनं उठून शाल्मलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले, कपाळाला लावले आणि सोडले. मग खुणेनं सांगितलं की बाहेर व्हरांड्यात आणखी सहाजणी बसल्या आहेत, त्यांनीही गोळ्या सुरू केल्या आहेत. तेव्हा शाल्मलीताई, आज थोडा वेळ थांबाल का?